दोन कॅन समुद्राचं पाणी

हिंगोलीकडच्या गोरेगावहून निघालेली ती जीप समुद्र बघायला नव्हे, समुद्राचं पाणी आणायला चालली होती! किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात जंतूंच्या वस्त्या असतात. काठापासून आत जाताना त्या कशा बदलतात, हा करुणाच्या संशोधनाचा विषय. कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी ओहोटीला खडक उघडा पडतो. तिथलं पाणी मिळालं नाही, तर तिचा प्रबंध अर्धाच राहणार होता.

सोबत हिंगोलीच्या प्रयोगशाळेतला तिचा सहकारी, कळमनुरीचा मुजफ्फर, आणि जीप चालवायला विश्वंभरकाका. काका वाटेतल्या प्रत्येक टपरीवर छाती फुगवून सांगत, की आमची पुतणी पाणी शुद्ध करायचं शिकून राहिली. करुणा दर वेळी खिडकीबाहेर बघत बसे. घरी तिनंच तसं सांगून ठेवलं होतं. एवढं शिकून पोरगी जंतू सांभाळते, हे गावात सांगायची तिला लाज वाटायची.

ओहोटी लागताच तिघं चिखलात उतरले. पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते, उपसून काढावे लागत होते. कालवांच्या शिंपल्यांच्या धारदार कडांनी मुजफ्फरची टाच चिरली, तरी तो लंगडत चालत राहिला. खडकाशी पोचून त्यांनी दोन पारदर्शक कॅन भरले. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं होतं. करुणानं काकांना कॅन राखायला बसवलं. पाणी चांगलं राहिलं पाहिजे, एवढंच बजावलं, आणि मुजफ्फरला घेऊन ती पुढच्या खडकाशी पाण्याचा खारटपणा मोजायला गेली. पाणी फिरलंय, भरती लागलीय, असं मुजफ्फरनं दोनदा सांगितलं. तिनं मनावर घेतलं नाही.

परत येईपर्यंत भरती चांगलीच चढली होती! वाटेतला, सकाळी घोट्याएवढा असलेला प्रवाह आता कमरेला लागत होता. काकांनी एक कॅन डोक्यावर घेतला, दुसरा हातात. आयुष्यभर विहिरीत पोहलेला माणूस, पण विहिरीला ओढ नसते.

लाट आली. काकांचा पाय रुतला. पाणी छातीला लागलं! करुणा मागं वळली, आणि तिची नजर डोक्यावरच्या कॅनवर गेली. उन्हात पाणी आरपार दिसत होतं. सगळा गाळ तळाशी बसला होता. काकांच्या खिशात दाढीची तुरटी असायची. गढूळ पाणी दिसलं की त्यात तुरटी फिरवायची, हे त्यांच्या घरी लहानपणापासून सगळे करत आले होते. गाळाबरोबर तिचे जंतूही तळाला गेले होते, नमुना बाद झाला होता.

"काका, कॅन सोडा."

"न्हाई. तुझ्या कामाचं पाणी हाय."

मुजफ्फरनं त्यांचा दंड धरून ओढलं. काका हलेनात! पाणी हनुवटीला टेकलं!

"ते वाया गेलंय, काका. मला गढूळच पायजे होतं. मी तुमाला खोटं सांगितलं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचे हात सुटले. कॅन वाहून गेले. दोघांनी काकांना ओढलं, रुतलेला पाय निसटला, आणि तिघं ठेचकाळत, खारं पाणी ओकत काठाला लागले. जीव वाचले!

काका पाठ करून बसले. खिशातला तुरटीचा खडा काढून हातात फिरवत राहिले.

"मी नासवलं व्हय गं पोरी?" त्यांनी विचारलं.

करुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक तिची, आणि मान खाली काकांची. तिनं तिथंच बसून सगळं सांगितलं, लाज वाटत होती हेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिनं फक्त काठाजवळचं, गुडघाभर पाण्यातलं पाणी घेतलं आणि बर्फाच्या पेटीत ठेवलं. खडकाचा नाद सोडला. प्रबंध अर्धा तर अर्धा.

परतताना जीप वारंगा फाट्यावर थांबली. मागच्या बर्फाच्या पेटीकडे बघून चहावाल्यानं विचारलं, की काय आणलं. काकांनी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. ते कपातल्या चहाकडे बघू लागले.

करुणाचे कान तापले. आजूबाजूला सगळी ओळखीच्या मुलखातली माणसं होती.

"जंतू हाईत," ती म्हणाली. "समुद्रातले. जिवंत. मी त्यांचाच अभ्यास करते."

चहावाला हसला, बाकावरचे दोघंही हसले. काका मात्र चहा अर्धा टाकून उठले आणि जीप उन्हातून काढून लिंबाच्या सावलीत लावून आले.