जुन्या आवृत्तीतला माणूस

चंद्रावरच्या सोमगाव वसाहतीत त्या सकाळी उत्तर घुमटाला तडा गेला आणि हवा गळू लागली. संदेशकेंद्रात शाल्मली देवस्थळीने सर्वांच्या फोनवर एकामागून एक जाणाऱ्या सूचनासाखळीचा मसुदा भराभर दुरुस्त केला : सर्वांनी उत्तरेऐवजी दक्षिण घुमटात जावे. मसुदा जारी होताच घरोघरी फोन वाजले. नकाशावरचे सगळे ठिपके दक्षिणेकडे निघाले. एकच उत्तरेकडे सरकत होता.

"हा कोण शहाणा?" केंद्रप्रमुख डॉ. मुकादमांनी विचारलं.

"माझे बाबा." शाल्मलीचा चेहरा उतरला.

"त्यांना नवी सूचना गेली नाही?"

"जुन्या आवृत्तीत शिरलेल्याला शेवटपर्यंत जुनीच मिळते, सर. नाहीतर अर्धी सूचना इथली, अर्धी तिथली, असा घोळ होईल. 'कळलं' हे बटण दाबलं की साखळी संपते आणि माणूस नव्या आवृत्तीत येतो. बाबांनी गेल्या सरावापासून ते दाबलेलंच नाही."

"मग जुनीच दुरुस्त कर."

"जारी झालेल्या आवृत्तीला हात लावता येत नाही. फक्त मसुदा बदलता येतो."

"पण बटण का दाबलं नाही? इथली हवायंत्रं बसवणारा माणूस तो!"

शाल्मलीला कारण ठाऊक होतं आणि ते सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. "बटण दाबलं नाही, तर जुन्या आवृत्तीत रोज केंद्रातून फोन जातो. म्हणजे माझा. एरवी मी करत नाही. त्याचाही कंटाळा आला, म्हणून नव्या आवृत्तीत मी माझ्या आवाजात बोलणारा यंत्रस्वर भरला."

मुकादमांनी नुसता फोन तिच्यापुढे सरकवला. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. तिने घाईघाईने फोन लावला.

"बाबा, मागे फिरा! दक्षिणेला जा!"

"माझ्या फोनवर उत्तर घुमट लिहिलंय."

"ते जुनं आहे. मी सांगतेय ना!"

"तू म्हणजे कोण? आत्ताच शेजारच्या गोडबोल्यांशी तुझा आवाज बोलला. 'काळजी घ्या, मी येते भेटायला,' म्हणाला."

"मी खरंच येते, बाबा!"

"त्यांनाही अगदी असंच सांगितलंस." ठिपका उत्तरेच्या दाराशी पोचला. "म्हणजे इतके दिवस मी यंत्राशीच गप्पा मारत होतो होय?"

"नाही! ती मीच होते. तुम्ही बोलायचात आणि मी दुसरंच काम करत नुसतं हं हं म्हणायचे. तुमचं गुडघ्याचं दुखणं मी धड ऐकलंही नाही. तो फोन टळावा म्हणून यंत्रात ते वाक्य मीच भरलं. मला फार लाज वाटतेय, बाबा."

नकाशावरचा ठिपका दाराशीच थांबला.

"असलं कुणी यंत्रात भरणार नाही," बाबा म्हणाले. "तूच आहेस. वळतो मी."

ठिपका वळला. शाल्मलीला रडू फुटलं.

"आणि हे बटणही दाबून टाकतो," बाबा समाधानाने म्हणाले. "आता काय, तू आपणहून फोन करशील."

"बाबा, थांबा, इतक्यात नको—"

पण त्यांनी बटण दाबलं होतं. ते नव्या आवृत्तीत आले, आणि तिचा फोन मध्येच तोडून तिचाच गोड आवाज त्यांना सांगू लागला, "काळजी घ्या, मी येते भेटायला."