विहीर गोड आहे

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांना सांगते, ही गोष्ट भर दुपारची आहे. हसायचं तर खुशाल हसा. माझी आजी, अंबिका, हिच्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलेली आहे. देवासमोर बसूनही आजी ती तशीच सांगायची, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

१९३१ सालचा वैशाख. अक्षीच्या पुढे, समुद्राला लागून असलेली एक रिकामी वाडी.

आजीचा भाऊ विश्वंभर अलिबागेत राहायचा. वाड्या आणि घरं पाहून त्यांची किंमत ठरवून द्यायचा. भाऊबंदांची वाटणी असो की मुंबईच्या शेटजींची खरेदी, बोलावणं त्यालाच. माड-पोफळी काय, कुणीही मोजेल हो! विश्वंभर आधी विहिरीवर जायचा. एक घोट घेऊन तोंडात घोळवायचा. समुद्राकाठी वाडीचा जीव त्या पाण्यात. पाणी गोड तर सोनं, मचूळ तर माती. त्याची जीभ कधी चुकली नाही. पार बोर्ली पंचतनपर्यंत त्याचं नाव झालं होतं.

आणि स्वतःच्या घरी? भाड्याची खोली, अन् परसातली विहीर खारट!

त्याची बायको श्यामला लांबून गोड पाणी डोक्यावर वाहून आणायची. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा सोय नव्हती. तो दमून आला की ती मागीलदारी पाणी ठेवायची आणि हाक मारायच्या ऐवजी तांब्यावर फुलपात्र वाजवायची.

ठण्. ठण्.

सोबत गुळाचा खडा. तो पिऊ लागला की विचारायची, "आज कुठलं पाणी गोड निघालं?"

"नागावचं. अगं, अमृत नुसतं!"

"चला, तुमचं तरी तोंड गोड झालं," ती हसायची. "आपली वाडी कधी हो?"

"घेऊ गं. हातातली कामं तेवढी उरकू देत."

कामं कसली उरकतात! त्या चैत्रात तो बोर्लीला एका वाटणीत अडकला आणि इकडे श्यामला तापाने फणफणली. तो परतला तेव्हा घर... गप्प होतं.

शेजारची सोनाबाई दारातच रडत होती. "सारखी गोड पानी मागत व्हती, दादा. तिला टाकून मी पान्याला कशी जाऊ? परसातलं दिलं, तर थुंकून टाकी बिचारी. तशीच तहानलेली गेली."

विश्वंभरचं काळीज फाटलं. पण घर खायला उठलं, तेव्हा महिन्याभरात तो पुन्हा कामाला लागला. पहिलंच काम ही रिकामी वाडी. मुंबईच्या एका शेटजींना ती घ्यायची होती.

"पानी नका पिऊ, भाऊ," राखणदार रावजी म्हणाला. "दर्या शिरलाय हिरीत. मालक उगाच न्हाय सोडून गेले." आणि कोयता घेऊन तो हद्दीवरची झुडपं तोडायला गेला.

विश्वंभर ओटीवर टेकला. ऊन मी म्हणत होतं.

मग त्याच्या लक्षात आलं... एकही कावळा ओरडत नव्हता.

समुद्र हाकेवर होता. पण लाटेचा आवाज... नव्हता.

आणि मागीलदारी...

ठण्.

ठण्.

तो धावतच गेला. विहिरीच्या कठड्यावर तांब्या होता. वर पालथं फुलपात्र. बाजूला गुळाचा खडा. आणि आसपास... कुणी नाही.

त्याने घोट घेतला.

गोड!

"रावजी! घरात बाईमाणूस कोण आहे?"

"कुनीच न्हाय, भाऊ. आन् ह्यो तांब्या कुनाचा?" हाकेसरशी धावत आलेल्या रावजीचा चेहरा उतरला. "हितं पोहऱ्याबिगर भांडं न्हाय."

विश्वंभरने पोहरा सोडून स्वतः पाणी काढलं. तेही गोड लागलं. त्याने शेटजींना कळवलं, विहीर गोड आहे.

शेटजींनी वाडी घेतली, पाणी तोंडात घेतलं आणि सगळीकडे बोंब झाली. पाणी मचूळ होतं! विश्वंभरने वाद घातला नाही. होतं नव्हतं ते विकून वाडी स्वतःकडे घेतली आणि तिथेच जाऊन राहिला. त्याला पुन्हा कुणीही कामाला बोलावलं नाही. माड वठत गेले. लोक वेडा म्हणायला लागले.

काही वर्षांनी आजी त्याला न्यायला गेली.

"दादा, पुरे झालं. घरी चल."

"बस गं. ती येईल आता."

भर दुपार होती. कावळे... गप्प झाले.

ठण्. ठण्.

आजी उठून विहिरीकडे गेली. कठड्यावर तांब्या होता, पाणी भरलेला. तिने घोटभर घेतलं. खरंच गोड होतं हो!

विश्वंभर प्यायला. मग त्याच तांब्यातलं पाणी त्याने दुसऱ्या फुलपात्रात ओतलं, समोर ठेवलं आणि म्हणाला, "घे गं, श्यामला. आपल्या वाडीचं आहे."

दोघं वाट बघत बसली. उन्हं उतरली. फुलपात्र तसंच भरलेलं राहिलं.

आजीने त्यातलं पाणी जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं. खारट, जहाल खारट!

विश्वंभर लहान पोरासारखा रडायला लागला. "रोज असंच होतं, अंबू. ती मला गोड पाजते. माझ्या हातचं मात्र तिला अजून खारंच मिळतं."

तो काही आजीबरोबर आला नाही. पुढे त्याच विहिरीपाशी त्याने प्राण सोडला. निरोप मिळून आजी पोचली तेव्हा कठड्यावर दोन फुलपात्रं होती म्हणे. एक रिकामं.

दुसरं रिकामं होतं की भरलेलं, ते आजीने कधीच सांगितलं नाही. विचारलं की डोळ्यांना पदर लावून उठून जायची.

मला अजूनही तेवढंच विचारायचं असतं.