थंड भट्टीची माणसं

सिन्नरच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात सगळ्यात गरम वस्तू म्हणजे माणूस, आणि हीच मोठी अडचण होती.

कारखाना कमोड आणि बेसिनं बनवायचा. पूर्वी माती पक्की करायला बाराशे अंश उष्णता लागे आणि भट्टी रात्रंदिवस गॅस पीत असे. मग गॅसला रेशन लागलं आणि डॉ. मृणालिनी चाफेकरांनी 'सांधिका' आणली.

"शिंपल्याचं कवच दगडासारखं असतं ना, सांगळे?" त्यांनी भट्टीचा मुकादम गोरख सांगळे याला समजावलं होतं. "शिंपल्याकडे कुठे गॅसचं कनेक्शन असतं? त्याच्या अंगातलं एक प्रथिन कणाला कण सांधत जातं. ते आम्ही मातीत कालवतो. गार हॉलमध्ये पाच दिवसांत बेसिन टणक."

"आणि आम्ही काय करायचं?"

"लांब उभं राहायचं. पारा तिसावर गेला की सांधिका उसवते. तुमचं अंग सदतीस."

पण लांब उभं राहून भागेना. बारीक तडा यंत्राला सापडत नसे. कच्च्या नगाला बोटाच्या पेरानं टिचकी मारून आवाज ऐकावा लागे, आणि तो कान गोरख आणि त्याच्या सात जोडीदारांकडेच होता. हातमोजा घातला की हात बहिरा व्हायचा. उघड्या हातानं धरलं की माती दबायची. गोरखची पाची बोटं उमटलेलं एक बेसिन नाशिकच्या एका हॉटेलात अजून आहे म्हणतात.

त्यात खंडेनवमी आली. भट्टी गार असली म्हणून काय, पूजा चुकवायची? आठ जणांनी रॅकांच्या मधोमध कापूर लावून आरती धरली. दुसरी आरती संपेपर्यंत चारशे कमोडांनी शांतपणे माना टाकल्या.

तेव्हा व्यवस्थापनानं माणूसच गार करायचं ठरवलं.

"शीतमात्रा," चाफेकर म्हणाल्या. सात वर्षं लोकांना समजावून त्यांचा आवाज झिजला होता. "महिन्याला एक इंजेक्शन. अस्वल थंडीत आपली चूल मंद करतं ना, तसं. फक्त झोप लागत नाही. अंग अठ्ठावीसवर राहतं."

"त्रास?"

"माकडांनी तक्रार केली नाही."

"माकडांना विचारलं होतं का?"

त्या हसल्या. "राग, घाई, धास्ती थोडी कमी होते."

"मंग आमच्या बायकोला, हिराबाईलाच द्या की!" गोरख म्हणाला. मग जरा गंभीर झाला. "पोरगी पहिल्या बाळंतपणाला येतेय मॅडम. बाळ होईस्तोवर घेतो, मग बंद. नातवंडाला गार हातानं नाही घेणार मी."

"केव्हाही बंद करा. तीन दिवसांत अंग पूर्वीसारखं होतं."

चोपन्नाव्या वर्षी, तीस वर्षं फक्त आगीचा रंग ओळखलेला माणूस दुसरीकडे जाणार कुठे? गोरखनं सही केली.

बाळ महिनाभर आधीच आलं. जेमतेम दीड किलोची मुलगी. अंगाला अंग लावून ऊब द्या, असं दवाखान्यात सांगितलं. बाळंतीण पोरीला ताप भरला होता आणि दोन दिवस जागून हिराबाई बाकावरच कलंडली होती. सिस्टरनं घाईघाईत बाळ गोरखच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून शाल टाकली आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.

बाळ रडलं, मग हळू रडलं, मग थांबलं.

"बघा, आजोबांकडे कसं गप झालं!" सिस्टर लांबूनच म्हणाली.

हिराबाईला जाग आली. तिनं बाळाच्या तळव्याला हात लावला आणि किंचाळून ते ओढून घेतलं. "अहो, लेकरू निळं पडलंय! तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

गोरखनं खरंच विचार केला. बोलावं असं काही वाटलं नव्हतं. भीती वाटायला हवी होती, हे त्याला आत्ताही समजत होतं. नुसतं समजत होतं.

बाळ वाचलं.

पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी चाफेकरांच्या कानावर सगळं आलेलं होतं. त्यांनी अर्ज पुढे सरकवला.

"बंद करू या, सांगळे. तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"घरचे काय म्हणतात?"

"बंद करा म्हणतात. रडतात."

"आणि तुम्ही?"

"बंद केलं तरी चालेल, मॅडम. चालू ठेवलं तरी चालेल."

"असं नाही चालत हो. मागणी तुमची स्वतःची लागते, मी लिहू शकत नाही. मागणी नसली तर मात्रा चालू, असा नियम आहे. फक्त 'बंद करा' म्हणा."

"मागायचं म्हणजे आधी पाहिजेसं वाटायला हवं ना?" गोरख सावकाश म्हणाला. कुणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तसा.

चाफेकरांनी आधीचे अर्ज चाळले. सकाळपासून सात जण येऊन गेले होते. मागणीचे सातही रकाने कोरेच होते.

मॅडम फार दमल्यात, हे गोरखला दिसत होतं. उगाच त्यांना खोळंबवून ठेवायला नको, म्हणून त्यानं आपण होऊनच शर्टाची बाही वर केली.