वाचणारी

दिवा जरा इकडे सरकवा, म्हणजे मला तुमचे चेहरे दिसतील. मघाशी तुम्ही सगळ्यांनी मिळून विचारलंत ना, की एवढी वर्षं ग्रंथालयात काढूनही हर्षाली कधी मोठ्यानं वाचत कशी नाही? मी हसण्यावारी नेलं. पण आता लाईट यायला वेळ आहे, तर सांगते.

मागच्या थंडीतली गोष्ट. नाशिकच्या बाहेरच्या अंगाला आमचं विद्यापीठ आहे, आणि त्याच्या ग्रंथालयाच्या तळघरात आमचा विभाग. नवीन आलेली पुस्तकं आधी आमच्याकडे येतात. आम्ही त्यांना दाखल क्रमांक देतो, विषय बघून वर्गांक लावतो, शिक्के मारतो, मग ती वर वाचकांकडे जातात. खोलीला खिडकी नाही. एक ट्यूबलाईट, भिंतींना लागून लोखंडी कपाटं आणि मधे लांब टेबल. तिथे मी आणि ललिता. ललिता हरसूलची, इथे खोली घेऊन राहायची, शनिवारी घरी जायची. मुलगी शांत, पण आवाज असा गोड की ती नुसतं प्रकाशकाचं नाव वाचायची तरी ऐकत राहावंसं वाटायचं.

आवाजाचं मुद्दाम सांगते, कारण आमची कामाची पद्धतच तशी होती. ती पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायची, शीर्षक, लेखक, प्रकाशक, साल, आणि मी संगणकावर टाइप करायची. दोघींनी मिळून केलं की काम पटापट उरकायचं.

तर गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यातून फोन आला. वडील वारले आहेत, त्यांची पुस्तकं द्यायची आहेत, आजच घेऊन जाल का? मी टेम्पो घेऊन गेले. दार उघडलं ते साधनाताईंनी, वारलेल्या गृहस्थांच्या मुलीनं. पन्नाशीच्या असतील. घसा पार बसलेला, मफलर गुंडाळलेला. पुस्तकं खोक्यांत भरून व्हरांड्यात तयारच ठेवली होती. मी म्हटलं, "एकदा चाळून, निवडून नेते." त्या म्हणाल्या, "नको. सगळीच न्या."

टेम्पो निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. घोगऱ्या आवाजात विचारलं, "तुमच्याकडे वाचणारी माणसं पुष्कळ असतील ना?"

"विद्यापीठच आहे," मी म्हटलं.

"मग बरंय. त्यांना वाचणारं कुणीतरी लागतं."

मला वाटलं, पुस्तकांबद्दल बोलतायत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिलं खोकं उघडलं. आत जुन्या कागदाचा वास होताच, पण त्याच्या खाली आणखी एक वास होता. अमृतांजनाचा. आजारी माणसाच्या खोलीत येतो तसा. ललितानं नाक मुरडलं आणि वाचायला सुरुवात केली. प्रवासवर्णनं, झाडांवरची पुस्तकं, जुन्या कादंबऱ्या. काम छान चाललं होतं. मग तिचा फोन वाजला म्हणून ती थांबली.

टक… टक…

मागच्या कपाटातून आवाज आला. लोखंडावर कुणी बोटातली अंगठी आपटावी तसा. ललितानं फोन ठेवून पुन्हा वाचायला घेतलं, आणि आवाज बंद.

पहिल्यांदा आम्ही लक्षही दिलं नाही. थंडीत लोखंड आकसतं, वाजतं. पण त्या दिवशी ती जेव्हा जेव्हा थांबली, पाणी प्यायला, पान उलटायला, शिंकायला, तेव्हा तेव्हा तो आवाज झाला. थोडी वाट बघायचा आणि मग टक. जरा जास्त थांबली की टकटक, घाईनं, चिडून. दुपारी आम्ही सोमनाथभाऊंना बोलावलं. ते आमचे शिपाई, निवृत्तीला आलेले. त्यांनी कपाटं हलवून बघितली, मागे बॅटरी मारली.

"उंदीर नाय मॅडम," ते म्हणाले. "उंदराला अशी दमानं वाजवायची अक्कल नसती."

ललिता हसली. मीही हसले. पण त्यानंतर माझं कामात लक्ष लागेना. कान सारखे मागे. टाइप करताना मान आखडायची. घरी जेवताना कुणाची वाटी ताटाला लागली तरी मी दचकायची.

दोन-तीन दिवसांनी दुसरीच गोष्ट लक्षात आली. मी साल टाइप करून पुढच्या पुस्तकाची वाट बघत होते आणि ललिता त्याच पुस्तकात होती. ती प्रस्तावना वाचत होती. मोठ्यानं, संथ, एकेक शब्द नीट लावून.

"अगं, ते कशाला वाचतेस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "काय वाचतेय?"

"प्रस्तावना."

"मी… वाचत होते?" तिचा चेहरा उतरला. मग ती अगदी हळू म्हणाली, "मॅडम, वाचत असलं की बरं वाटतं. थांबलं की कुणीतरी मानेपाशी येतं. श्वास लागतो त्याचा."

मी तिला म्हटलं, उद्यापासून मनातल्या मनात वाच, मीच बघून टाइप करीन. तसं करूनही पाहिलं. सकाळभर कपाटं वाजत राहिली. शेवटी मी मोबाईलवर एका कादंबरीचं ध्वनिमुद्रण लावून टेबलावर ठेवलं. एक माणूस छान भारदस्त आवाजात वाचत होता. घटकाभर शांतता पसरली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आणि मग असा एक दणका बसला की कपाटाचं दार आपोआप उघडलं. मोबाईल टेबलावरून सरकत खाली पडला. त्याला यंत्र नको होतं. त्याला समोर बसून वाचणारं माणूस हवं होतं.

तेव्हाच ती खोली बंद करायला हवी होती. पण तपासणीसाठी समिती येणार होती, काम संपवायचं होतं, आणि वर जाऊन सांगायचं तरी काय? दुसऱ्या दिवशी दुपारी मला बैठकीला बोलावणं आलं. ललिताला म्हटलं, तू खाली थांबू नकोस, वर वाचनकक्षात बस. ती "हो" म्हणाली.

बैठक लांबली. बाहेर आले तेव्हा थंडीतली संध्याकाळ झाली होती, आवारातले दिवे लागले होते. वाचनकक्षात ललिता नव्हती. मी तळघराचा जिना उतरायला लागले आणि मधेच थबकले. खालून आवाज येत होता. कुणीतरी वाचत होतं. पण तो ललिताचा आवाज वाटेना. खरखरीत, फाटका, लाकडावर करवत चालवावी तसा.

ललिताच होती. टेबलाशी ताठ बसलेली, हातात पुस्तक. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ओठांच्या कडेला रक्त दिसत होतं, आणि तोंड चालू होतं. वाक्यामागून वाक्य. मला पाहिल्यावर तिनं डोळ्यांनीच विनवणी केली, पण वाचणं थांबेना. आणि तिच्या शेजारची, माझी खुर्ची… ती नेहमी टेबलाला तोंड करून असते. आता ती तिच्याकडे वळवून, अगदी जवळ ओढलेली होती. आजारी माणूस ऐकायला सरसावून बसतो तशी.

मी पुस्तक हिसकावलं. त्याबरोबर सगळी कपाटं एकदम वाजायला लागली. टकटकटकटक… एक नाही, सगळी. ललिताचा हात आपोआप पुढच्या पुस्तकाकडे गेला. मी तिला कमरेला धरून ओढलं, ती टेबलाची कड सोडेना. मी ओरडले. सोमनाथभाऊ धावत खाली आले आणि दोघांनी मिळून तिला जिन्यावर खेचलं. वर आल्यावर ती फरशीवर बसली, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटला नाही.

डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्राला भयंकर सूज आहे, महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. नंतर आवाज येईल का, ते तेव्हाच बघू. तिला न्यायला तिची आई आली, रंगूबाई. पोरीच्या गळ्यावरून हात फिरवत मला म्हणाली, "बाई, ही तर भाताच्या शेतात गाणी म्हणणारी पोर. तुमच्या पुस्तकांनी काय केलं वो हिला?"

तशीच गंगापूर रोडला गेले. साधनाताईंनी दार उघडलं आणि माझा चेहरा बघून त्या मागे सरकल्या.

"पुस्तकं परत घ्या," मी म्हटलं. "ती वाचून आमच्या ललिताचा आवाज गेलाय."

त्यांनी मफलर सोडला. "माझा आवाज ऐकताय ना? हा मूळचा असा नाही."

मग त्यांनी सांगितलं. अप्पांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची, दृष्टी गेली तेव्हा त्या लहान होत्या. आई, चंद्रभागाबाई, अप्पांना वाचून दाखवायची. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग दिवसभर. थांबलं की अप्पा पलंगाच्या लोखंडी दांडीवर अंगठी वाजवायचे. कधी रागावले नाहीत, शिवी दिली नाही. नुसतं टक. आईचा घसा पुढे कायमचा गेला, तरी ती पुस्तक समोर धरून ओठ हलवत बसायची, कारण न वाचणं तिला जमेनासं झालं होतं. ती गेल्यावर साधनाताईंनी वाचलं. लग्न केलं नाही.

"अप्पा गेले त्या दिवशी मी पहिल्यांदा शांत झोपले," त्या म्हणाल्या. "तेराव्यापर्यंतच. मग पुन्हा… टक." त्यांनी हात जोडले. "मला वाटलं, तुमच्याकडे इतकी माणसं, कुणा एकावर भार पडणार नाही. ललिताला सांगा, मला माफ कर. पण ती खोकी या घरात आणू नका. पाया पडते."

मला त्यांचा संताप आला होता. पण त्या आवाजासमोर तो टिकला नाही.

परत आल्यावर मी आणि सोमनाथभाऊंनी भर दुपारी ती सगळी पुस्तकं पुन्हा खोक्यांत भरली. तळघराच्या टोकाला जुन्या वर्तमानपत्रांची एक कोठी आहे, तिथे ठेवून कुलूप लावलं. दार लावताना मी म्हटलं, "अप्पा, इथे तुम्हाला कुणी वाचून दाखवणार नाही. आता पुरे." आतून लगेच उत्तर आलं. टक. पुढे कितीतरी दिवस ते दार वाजत राहिलं. आम्ही सगळा विभाग वरच्या मजल्यावर हलवला. मी कामातलं बोलणंही कमी केलं. फोनवर कुणी पत्ता वाचून दाखवायला सांगितला तरी लिहून पाठवते म्हणून फोन ठेवून द्यायची.

मग एक दिवस सोमनाथभाऊ आले आणि म्हणाले, "मॅडम, वाजायचं थांबलं."

मला हायसं वाटलं. त्याच आठवड्यात हरसूलहून फोन आला. पलीकडे आधी नुसता श्वास, मग बारीक आवाज, "मॅडम… मी बोलतेय." मी रडलेच. ललिताचा आवाज परत आला होता. पहिल्यासारखा गोड नाही, पण तिचा होता.

सोमनाथभाऊ मात्र घुटमळतच होते. दोन दिवसांनी पुन्हा आले. "थांबलंय खरं. पण आत बाई हाय, मॅडम. वाचती."

मी खाली गेले. कुलूप जसंच्या तसं. दाराला कान लावला. खरंच, आत एक बाई वाचत होती. दमलेला, प्रौढ आवाज. शब्द कळत नव्हते, लय कळत होती. मला भीतीपेक्षा वाईट वाटलं. चंद्रभागाबाई असणार. माणूस मेल्यावर तरी सुटावं की नाही? मी साधनाताईंना फोन केला. तासाभरात त्या रिक्षानं आल्या. जिना उतरताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. दाराला कान लावला आणि डोळे मिटले.

"आई," त्या पुटपुटल्या. "आईच आहे. घसा जायच्या आधीचा आवाज… किती वर्षांनी ऐकतेय." त्या दाराला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. मी बाजूला झाले.

आतला आवाज हळूहळू बारीक होत गेला. मग दमून थांबला. आम्ही दोघी श्वास रोखून ती टकटक व्हायची वाट बघत राहिलो. झाली नाही.

थांबलेल्या वाक्याच्या पुढून दुसरा आवाज सुरू झाला. कोवळा. लहान मुलीचा.

साधनाताई झटक्यानं मागे सरकल्या. त्यांची नखं माझ्या मनगटात रुतली.

"ही… तुम्ही आहात का? लहानपणच्या?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "नाही. माझा आवाज नाही हा. आमच्या घरात दुसरी मुलगी कधीच नव्हती." आणि मग कुजबुजल्या, "ही कोण आहे हो?"

आम्ही तिथून निघालो. तळघर आता बंद आहे, तिथे कुणी जात नाही. ती कोण, हे मला आजवर कळलेलं नाही. जिना चढताना ऐकलं तेवढंच सांगते. ती नुकतीच वाचायला शिकली असावी. एकेक अक्षर लावून वाचत होती. मोठं जोडाक्षर आलं की अडायची, पुन्हा पहिल्यापासून जुळवायची…

आणि ती अडली की आतून आवाज यायचा. टक.