रविवारीच दिसणाऱ्या बाई

"परत निळं! आज बी नुसतं निळंच!" सूरजने बाकावर हात आपटला.

खडकेमाळच्या हायस्कुलात ऐन मे महिन्याच्या सुट्टीत चार पोरं टीव्हीसमोर बसली होती. पडदा कोरा करकरीत निळा होता. गणिताच्या बाईंचा पत्ता नव्हता.

दिवाळीत शाळेच्या गणिताच्या सरांची बदली झाली आणि त्यांच्या जागी माणूस आलाच नाही. आली ती गच्चीवर एक भलीमोठी डिश आणि वर्गात टीव्ही! पुण्यात बसून बाई शिकवायच्या, आणि अडलं तर हेडसरांच्या खोलीतल्या फोनवरून त्यांना विचारता यायचं. सुट्टीत खास नापासांसाठी वर्ग होते.

नापास म्हणजे अक्षता. नववीत तिचा एकट्या गणितानं घात केला होता. जूनमध्ये फेरपरीक्षा होती, आणि तिच्या वडिलांनी, जयसिंगआण्णांनी, सरळ सांगून टाकलं होतं, "गणित सुटलं तर दहावी. न्हाईतर हुपरीला मावशीकडं जा, पैंजणाला घुंगरू जोडायला!" तिच्या वर्गातला प्रसेनजीत, सातवीतला सूरज आणि त्याची धाकटी बहीण श्रुती नुसते तिला सोबत म्हणून यायचे.

हेडसर दारातून डोकावले. "नाही ना दिसत? आकाशातच काहीतरी बिघडलं असणार. उद्या तालुक्याचे साहेब येताहेत. चित्र आलं नाही तर संच दुसऱ्या गावाला नेणार म्हणे." एवढं बोलून ते निघूनही गेले.

अक्षताचा चेहरा उतरला. "झालं. चालले मी हुपरीला."

"थांब गं!" प्रसेनजीत म्हणाला. "परवा रविवारी कसं दिसलं मग? त्याच्या आदल्या रविवारी पण दिसलंतं. आकाश काय फक्त रविवारी दुरुस्त होतंय?"

"कावळं बी रविवारी नसत्यात," श्रुती म्हणाली.

"कावळ्यांचं काय मधीच?" सूरज खेकसला.

"शाळेवर रोज कावळं बसत्यात. सुट्टी हाय, कुणाचा डबा न्हाय, मग खायाला काय मिळतंय त्यांना? आणि रविवारी एक बी नसतोय!"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग चौघंही एकदम शिपाई ज्ञानूमामांकडे पळाले.

"मामा, गच्चीची किल्ली द्या की!"

"अजिबात न्हाय! वर साप हाय."

"काल तर विंचू म्हणालता!"

"साप बी हाय, विंचू बी हाय! पळा!"

पण शाळेला लागून जांभळाचं झाड होतं, आणि झाडावर चढण्यात सूरजचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. तो शेंड्याजवळ पोचला, त्याने गच्चीवर पाहिलं आणि पोट धरून असा हसायला लागला, की खालच्यांना वाटलं आता हा पडतोय!

"आरं, सांडगं! डिशमधी सांडगं वाळाय घातल्यात! बाजूला वल्या लुगड्यावर कुरडया! आणि मधल्या दांड्याच्या टोकाला पत्र्याचा डबा पालथा घातलाय, वर काळं फडकं बांधलंय!"

"कुणाच्या?"

"वळखू येतंय की! ते हिरवं लुगडं धोंडूआजीचं."

सगळा उलगडा झाला. धोंडुबाई म्हणजे सरपंचांची आई. शाळेची गच्ची गावात सगळ्यांत उंच, धूळ नाही, कोंबड्या नाहीत. त्यात ती डिश आकाशाकडे तोंड करून बसलेली! दांड्याच्या टोकावर बसून कावळे घाण करतात म्हणून त्यावर डबा आला. रविवार जोतिबाचा. आजी दर रविवारी डोंगरावर दर्शनाला जायची आणि जाताना वाळवण घरी न्यायची, डब्यासकट!

"आणि त्या टोकालाच तर डिशचा डोळा असतोय," प्रसेनजीत म्हणाला. "डोळ्यावर डबा घातल्यावर बाई दिसणार कशा?"

त्यांनी धावत जाऊन हेडसरांना सांगितलं. सर आधी हसले, मग त्यांनी दाराबाहेर डोकावून पाहिलं.

"अरे, पण धोंडूआक्कांना सांगणार कोण? तू सांगतोस?" त्यांनी आवाज खाली आणला. "आमच्याकडेही पाठवलेत त्यांनी सांडगे. चांगले झालेत."

म्हणजे सरांचाही काही उपयोग नव्हता! तेवढ्यात ज्ञानूमामा काठी घेऊन जांभळाखाली ठाण मांडून बसले.

दुसऱ्या दिवशी पाठाच्या वेळेला साहेबांची जीप आली. साहेबांनी टीव्ही लावला. निळं! त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि सोबतच्या माणसाला म्हणाले, "दहा मिनिटं बघू, मग काढा वायरी."

अक्षताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. प्रसेनजीतने सूरजला चिमटा काढला. "पळ! कालचं ठरल्यालं!"

सूरज सुसाट सुटला. सरपंचांच्या दारात उभा राहून त्याने अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी बोंब ठोकली, "धोंडूआजी! शाळेवर वानरं आल्यात! सांडगं संपलं!"

"आगं बया! माझं सांडगं!" आजी पदर खोचून, काठी घेऊन निघाली. मागून सुना, पोरं, कुत्री, आणि वानरं म्हटल्यावर रानातून आलेले जयसिंगआण्णाही.

"ज्ञानू! मुडद्या, कुलूप काढ आधी!"

समोर साहेब उभे आहेत हे ज्ञानूमामा साफ विसरले आणि त्यांनी कुलूप काढलं! सगळी वरात गच्चीवर गेली. वानर एकही नव्हतं. साहेब डिशकडे बघतच राहिले.

"आजी, हे काय?"

"सांडगं. कोहळ्याचं. सरकारनं एवढी मोठी परात दिल्या, ती वाया घालवायची व्हय, पावणं?"

साहेबांनी हात लांबवून डबा उचलला. त्याच क्षणी खालून अक्षता किंचाळली, "दिसल्या! बाई दिसल्या!"

आजी गोंधळली. "म्हंजे माझ्या डब्यानं पोरींची शाळा अडलीवती?" तिने वळून हेडसरांकडे आणि ज्ञानूमामांकडे असं पाहिलं, की दोघांनी माना खाली घातल्या. "मग मला सांगायचं न्हाय व्हय रं? मी काय खाणार हुतो तुमास्नी? वानराची आवई उठवायची पाळी आणली लेकरांवर!"

साहेब हसू दाबत पोरांकडे वळले. "कोणी शोधलं हे? शाबास! आमच्या माणसांना तालुक्यात बसून महिनाभर जे जमलं नाही, ते तुम्ही केलंत. संच इथंच राहील."

सगळे खाली आले तेव्हा अक्षता वर्गात नव्हती. टीव्हीवर बाई म्हणाल्या, "हं, खडकेमाळ, बोला!" आणि टीव्हीतून अक्षताचाच आवाज आला! ती हेडसरांच्या खोलीतून फोनवर बोलत होती. आधी आवाज कापत होता, मग स्थिर झाला. दोन समीकरणांतला एक्स काढताना चिन्ह कुठं बदलायचं, तेच तिला कळत नव्हतं. बाईंनी फळ्यावर दाखवलं आणि उलट विचारलं, "आता वाय किती येईल?"

"उणे... नाही बाई, अधिक तीन!"

"बरोबर! छान, अक्षता!"

जयसिंगआण्णा दारात काठी टेकून उभे होते. आपल्या पोरीचं नाव पुण्याहून येतंय, तेही शाबासकीसकट! अक्षता पळत बाहेर आली आणि वडिलांना बघून जागीच थबकली.

आण्णा हेडसरांकडे वळले. "हेडसर, ती लाइन मोकळी झाली असंल तर मला जरा फोन द्या."

"कुणाला लावायचाय, आण्णा?" अक्षताने घाबरत विचारलं.

"हुपरीला, तुझ्या मावशीला. घुंगरू जोडायला दुसरं कोणतरी बघ म्हणतो. आमची पोरगी शिकतिया."