शंभर वॉटचे बाबा

चंद्रपुरातली मे महिन्याची दुपार. बाहेर पन्नास अंश, आणि प्रणिता खांद्यावर शाल घेऊन भाजी निवडत होती. नव्या इमारतीच्या भिंतींत निर्वात पट्ट्या होत्या. आतली हवा काढून घेतलेल्या या पट्ट्यांतून उन्हाला वाट नव्हती. पण आतल्या उष्णतेलाही बाहेर जायला वाट नव्हती, आणि ती उष्णता माणसांचीच. बसलेलं मोठं माणूस शंभर वॉटच्या दिव्याएवढं तापतं, लेकरू निम्मं. शीतयंत्र तीनशे वॉट बाहेर टाकी. त्याहून मोठ्या यंत्राला वीज मिळणार नाही, या अटीवरच इमारत मंजूर झाली होती. प्रणिता, नवरा हेमराज, दोन लेकरं. हिशेब चोख होता.

त्यात बल्लारपूरहून तिचे वडील, दौलतराव, आले. लेकीच्या घरी पाणीही न पिणारा माणूस. 'बाबा, राहायला या' म्हणून तिनं वर्षानुवर्षं गळ घातली होती. यंदा त्यांच्या चाळीत उन्हानं दोघं गेले, तेव्हा पत्र्याच्या खोलीला कुलूप लावून ते निघाले.

बाबा गप्पिष्ट. नातवंडांना मांडीवर घेऊन ते खदखदा हसत आणि भिंतीवरचा तापमानाचा आकडा चढे. हेमराजनं अगदी आदरानं सांगितलं, की बोलल्यानं अंग तापतं, पडून राहा. चहा बंद झाला. मग बाबा कोपऱ्यात अंग चोरून बसू लागले. तरी आकडा छत्तीसवर गेला, तान्ह्या बाळाला ताप भरला आणि भिंतीवर अक्षरं उमटली: 'एक व्यक्ती जास्त.'

हेमराज भिंतीकडे बघून बायकोकडे बघत राहिला. स्वतः काही बोलला नाही. एवढा सज्जन माणूस!

"बाबा," प्रणिता म्हणाली, "ऊन उतरलं की निघाल का?"

"तवरिक कशाले, पोरी? लेकराले तरास होईन." त्यांनी डोक्याला दुपट्टा बांधला. "तूनंच सांगितलं ते बरं झालं. जावयानं म्हटलं असतं तर मले लागलं असतं."

ते उंबऱ्याबाहेर पडताच तिनं दार झटकन लावलं, गरम हवा आत येऊ नये म्हणून. संध्याकाळपर्यंत घर थंड झालं, बाळ शांत झोपलं. तिला बरं वाटलं. स्वतःची किळस नंतर आली.

दुसऱ्या दिवशी बल्लारपूरच्या शेजाऱ्यांचा फोन आला. मयतीला ती एकटीच गेली. भेटायला येऊ म्हणणाऱ्या नातेवाइकांना तिनं फोनवरच रडून घ्यायला सांगितलं. घरात कुणाला बसवणार होती?

त्या आठवड्यात थोरल्या लेकीला, ओवीला, सातवं लागलं. आईनं तिला भिंतीशी उभं करून उंची मोजली. ओवीनं खूण पाहिली, मग बाळाकडे, मग आईबाबांकडे.

"आई, मी तुझ्याएवढी झाले, की आपल्यातलं कोण जाणार?"