साखर कुणी दिली?

“खरं सांग वहिनी, बाबांना गोड कोण चारतं?”

नणंदेच्या हातात बोट टोचून साखर मोजायचं यंत्र होतं, आणि आकडा मागच्या खेपेपेक्षाही चढलेला! रक्तदाबाची गोळी बाबा वर्षानुवर्षं नेमानं घेत होते. दाब उतरला होता, पण आता साखरेनं डोकं वर काढलं होतं.

दिवसभर शिवणाच्या कारखान्यात काज-बटणं करून सुनेचे डोळे चुरचुरत होते. घरी आल्यावर पुन्हा बाबांचा वेगळा बिनसाखरेचा चहा, वेगळी भाजी... नवरा गेल्यापासून या घरात आपलं म्हणावं असं हे एकच माणूस तिला उरलं होतं, खुर्चीत मान खाली घालून बसलेले तिचे सासरे. म्हातारा जीव, आपण कामावर गेल्यावर साखरेच्या डब्यात हात घालत असेल, असं तिला वाटलं. लेकीदेखत या वयात त्यांची चोरी उघडी पडावी? तिचं अंतःकरण कळवळलं.

“मीच देते,” ती म्हणाली. “चहात घालते चमचाभर.”

बाबांनी चमकून वर पाहिलं... आणि पुन्हा मान खाली घातली. एक शब्द नाही! ज्यांच्यासाठी आळ पत्करला त्यांनीच तोंड फिरवावं, याचं दुःख तिला आळापेक्षा जड गेलं.

“सून नव्हे, वैरीण झालीस त्यांची!” नणंद कडाडली. “उद्या डॉक्टरांना दाखवते आणि तिथूनच बाबांना माझ्याकडे नेते.”

दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून तीही दवाखान्यात सोबत गेली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

“चमचाभर साखरेनं एवढं होत नाही. ही जुन्या वळणाची गोळी आहे. दाब उतरवते, पण काहींचं शरीर मग इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि साखर चढते. दुसऱ्या गोळ्या आहेत, त्या रक्तवाहिन्या सैल ठेवतात, त्यांचं अस्तर जपतात आणि सहसा साखरेच्या वाटेला जात नाहीत. आपण बदलून पाहू. परस्पर मात्र काही बंद करायचं नाही!”

“आणि वहिनीची साखर?” नणंदेनं विचारलं.

“कसली साखर?” बाबांचा आवाज कापरा झाला. “चहा कायम फिकाच असायचा.”

“मग बोलला का नाहीत, बाबा?” सुनेच्या तोंडून हुंदकाच फुटला. “मला वाटलं, तुम्हीच चोरून खाता... म्हणून मी...”

“मी? चोर ठरवलंस होय मला!” बाबा हसायला गेले आणि त्यांचे डोळे भरून आले. “अगं पोरी, तुझे हाल बघवत नव्हते. लेकीकडे गेलो की तू सुटशील, म्हणून गप्प बसलो.”

“दमलेय मी, बाबा... फार दमलेय. पण तुम्हाला नाही कंटाळले!”

नणंदेनं तिचा हात धरला. म्हणाली, “वहिनी, चुकले मी. घरी चल. आज स्वयंपाक माझा.”

घरी येऊन सून नुसती पाठ टेकायला म्हणून आडवी झाली. स्वयंपाकघरात ताटं खणखणली, तसे बाबा खुर्चीतून उठून दारापर्यंत गेले.

“हळू गं,” ते लेकीला म्हणाले. “माझी मुलगी झोपलीय.”